डोणगावची थंडी आणि सापाची कात

डिसेंबरात पुणेकर महाबळेश्वर गाठतात, मुंबईकर गोवा. मी डोणगावला जातो. कुठलं डोणगाव म्हणाल, तर बुलढाणा जिल्हा, तालुका मेहकर, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. इथे सी-व्ह्यू नाही, स्ट्रॉबेरी विथ क्रीम तर नाहीच नाही. आहे ती काळीभोर जमीन, कापणीला आलेली तूर, फुलावरचा हरभरा आणि अशी कोरडी थंडी की दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात, तिसऱ्या दिवशी टाचा. व्हॅसलिनची डबी विसरलात तर तुमचं तुम्ही बघा!

या वेळी सोबत होमवर्कही होता. पुण्यातल्या एका मित्राकडे बॉल पायथन आहे. हो, अजगरच, आणि तोही वन बीएचकेमध्ये. मूळचा आफ्रिकेतला, स्वभावाने गरीब. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. मी गावी पोचलो त्याच संध्याकाळी मित्राचा फोन आला. पठ्ठ्याने कात टाकली होती, पण तुकड्यातुकड्यांनी. शेपटीच्या टोकाला कातीचं एक कडं तसंच आवळून बसलेलं आणि एका डोळ्यावर पापुद्रा. "चिमटा घेऊन बसलोय. ओढू का?"

"हात लावू नकोस," एवढंच तेव्हा सांगितलं. मी काही सापांचा डॉक्टर नाही. पण मामाच्या गावात सापाबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही.

सकाळी मामासोबत धुऱ्याने निघालो. (धुरा म्हणजे शेताचा बांध. पुण्यात कुणाला सांगितलं तर धूर समजतात.) बोरीच्या काट्यांत एक अख्खी कात अडकलेली होती. धामणीची, चांगली सात फुटांची. अर्थात साप तेवढा लांब नसणार, कात निघताना ताणली जाते. हाताला अजून मऊ, म्हणजे ताजी. बटर पेपरसारखी अर्धपारदर्शक, पोटाकडचे रुंद खवले एकाखाली एक ओळीने. मामांनी डोक्याकडचा भाग उजेडात धरला. "पाह्य भाऊ, डोयाच्या काचाबी आल्या त्याच्यात." खरंच, दोन इवल्या गोल काचा! सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर उतरतो. पायमोजा उलटा करत काढावा तशी ही सगळी कात उलटी होऊन निघते.

"एवढ्या कोरड्यात अख्खी कशी निघाली, मामा?"

"तो काय उघड्यावर ऱ्हायते का? वारुयात ऱ्हायते. आत ओल असते. पण तू हात घालून पाहू नोको!"

तर उत्तर हे, आणि तेही एका वाक्यात. बाहेरची हवा कितीही कोरडी असली तरी वारुळात, उंदराच्या बिळात, काळ्या मातीच्या खोल भेगांत दमटपणा टिकून राहतो. कात टाकायच्या काही दिवस आधी सापाचा रंग मळकट होतो, डोळे दुधी-निळसर दिसू लागतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, त्याचा हा परिणाम. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप काट्याकुट्याला तोंड घासून कात सोडतो. मधल्या काळात त्याला धड दिसत नाही, म्हणून तो चिडका असतो. अशा वेळी त्याच्या वाटेला न जाणं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलंय.

फ्लॅटमधल्या सापाला वारूळ कुठून मिळणार? तिथे हवा थंडीने आधीच कोरडी, त्यात काचेच्या टाकीला हीटर. हवा तापली की तिच्यातला दमटपणा आणखी घसरतो. रात्री मित्राला फोनवर वारूळ बांधायला लावलं. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्याला साप जाईल एवढं गुळगुळीत कडांचं भोक, आत ओलसर कोकोपीट किंवा ऑर्किडवाले वापरतात ते स्फॅग्नम मॉस. ओलसर म्हणजे पिळलं तर पाणी टपकणार नाही इतपत. डबा टाकीच्या उबदार बाजूला. अख्खी टाकी चिंब करायची नाही, कारण साप सतत ओल्यात राहिला तर पोटाचे खवले कुजतात. बॉल पायथनला कातीच्या काळात ६० ते ८० टक्के दमटपणा लागतो, तेव्हा एक हायग्रोमीटर घ्याच. मोबाइलच्या कव्हरपेक्षा महाग नाही.

शेपटीच्या कड्याचं काम मात्र अर्जंट. ते आवळत राहिलं तर रक्त पोचत नाही आणि टोक मरतं. हाताला जेमतेम कोमट पाणी, तेही उथळ, त्यात अर्धा तास, समोर बसून. मग ओल्या टॉवेलमधून सापाला स्वतःच सरकू द्यायचं. कडं त्याच रात्री सुटलं. डोळ्याला चिमटा लावायचा नाही म्हणजे नाही! पापुद्र्याखालचा नवा खवला उचकटला तर डोळा जातो. बहुतेकदा पुढच्या कातीत तो निघतो. नाही निघाला तर सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा.

आणि हो, हे वाचून कुणी धामण घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मित्राने केलीय, मी विचारून घेतलं. धामणीची ती कात आम्ही बोरीवरच परत ठेवली. मामांच्या मते धामण म्हणजे बिनपगारी राखणदार, उंदीर तीच आवरते.

कसं जाल? पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर आणि मग डोणगाव. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघा. मेहकरला पैनगंगेकाठी शारंगधर बालाजी आहे आणि तिथून लोणारचं सरोवरही फार लांब नाही. जेवायला भरीत-भाकरी आणि ठेचा. मुक्कामासाठी मात्र मेहकर बरं, कारण डोणगावात माझी सोय मामाकडे होते आणि मामांच्या घरी खाटा दोनच आहेत.