राधानगरीचे दरवाजे आणि पडत्या पाण्याचे गणित

१/ पावसाळा भरात आला की कोल्हापुरात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : राधानगरीचे किती दरवाजे उघडले? सातांपैकी एक उघडला तरी सेकंदाला १४२८ घनफूट, म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी भोगावतीत झेपावते. या प्रश्नामागे गुरुत्वाकर्षणाचा एक जुना नियम उभा आहे.

२/ राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे धरण बांधण्यास घेतले. काम अपुरे असतानाच ६ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. धरण पूर्णत्वास गेले ते स्वातंत्र्यानंतर.

३/ त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानेच दरवाजा उचलला जातो आणि पातळी उतरली की पुन्हा बसतो. त्यास ना वीज लागते, ना कोणाचा हुकूम.

४/ दरवाजातून सुटलेले पाणी खाली येताना किती वेग घेते? याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडले. पडत्या वस्तूचा वेग काळाच्या प्रमाणात वाढतो. अंतर मात्र काळाच्या वर्गाच्या प्रमाणात. एका सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६, तीन सेकंदांत ४४.१.

५/ त्याकाळी सेकंद अचूक मोजणारे घड्याळ नव्हते. म्हणून त्याने उतरत्या फळीच्या खाचेतून कांस्याची गोळी सोडली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून बारीक धारेने गळलेले पाणी तराजूत तोलले. पडण्याचा नियम असा पाण्यानेच मोजला गेला.

६/ त्यातून आणखी एक गोष्ट उमगली. घर्षण वगळले तर अंतिम वेग उतार किती तीव्र यावर नव्हे, तर एकूण किती उंची उतरली यावर ठरतो. पाणी दहा मीटर उतरले तर सेकंदाला १४ मीटर. चाळीस मीटर उतरले तर २८. उंची चौपट, वेग दुप्पट. मात्र पाण्याची आघातशक्ती उंचीबरोबर चौपटच होते. धरणाच्या पायथ्याशी हा जोर जिरवण्याची तजवीज करावी लागते, ती यासाठीच.

७/ पुढे नदीपात्रात हा वेग टिकत नाही. तळ आणि काठ यांच्या घर्षणात उताराची कमाई खर्च होते. म्हणूनच राधानगरीचे पाणी कोल्हापूरला पोहोचण्यास कित्येक तास लागतात. सावध होण्यास तेवढाच अवधी मिळतो.

८/ प्रयाग चिखलीच्या संगमानंतर भोगावतीची पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. या सपाट मुलखात उतार मुळातच थोडा. त्यात कृष्णा फुगली की उंचीतील उरलासुरला फरकही घटतो. गुरुत्वाकर्षण कमी होत नाही; पाण्याला उतरायला जागा उरत नाही. मग पंचगंगा तुंबते आणि आडवी पसरते.

९/ राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. तेव्हा दरवाजांची संख्या विचारताना नृसिंहवाडीस कृष्णेची पातळी किती, हेही विचारणे अगत्याचे आहे. वरून किती पाणी येणार हे दरवाजे सांगतात. ते किती लवकर ओसरणार हे कृष्णा सांगते.