मुखपृष्ठ कोणाला हाक मारते?

हे पान पुढे वाचण्यापूर्वी ही पुस्तिका मिटून तिचे मुखपृष्ठ एकदा पाहा. विद्यापीठाचे बोधचिन्ह, अभ्यासक्रमाचे नाव, सांकेतिक क्रमांक. तुम्हांला मोह पडावा असा कोणताही प्रयत्न तेथे नाही, कारण ही पुस्तिका तुम्ही निवडलेली नाही. प्रवेशाबरोबर ती तुमच्या हाती आली. नाकारले जाण्याची भीती नसलेल्या पुस्तकाला सजण्याचे कारण नसते. ग्रंथप्रदर्शनात मांडलेल्या पुस्तकाचे तसे नाही. शेकडो पुस्तकांच्या गर्दीत तुमची नजर क्षणभरच त्याच्यावर पडते आणि तेवढ्यात 'मी तुझ्यासाठी आहे' हे त्याला सांगावे लागते.

भाषाविज्ञानाची अभ्यासक असल्याने मी या 'तुझ्यासाठी'पाशीच थबकते. मराठीत कोणाशी बोलायचे तर आधी तू, तुम्ही की आपण हे ठरवावे लागते. ते टाळून वाक्य पुढे नेणे फार अवघड. मुखपृष्ठालाही ही निवड चुकत नाही. रंग, चित्र आणि अक्षरांचे वळण यांतून ते कोणाला अरेतुरे करते, कोणाला अहोजाहो, आणि कित्येकांना हाकच मारीत नाही. वाचक पुस्तक निवडतो असे आपण म्हणतो. त्याआधी मुखपृष्ठाने आपला वाचक निवडलेला असतो, ही बाजू मात्र बहुधा चर्चेतून सुटते. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना अशा संहितेभोवतीच्या गोष्टींवर १९८७ मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'उंबरठे' असा होतो. हा शब्द मराठीत अधिकच बोलका वाटतो. उंबरठा आत घेतो, तसाच तो काहींना बाहेर थांबवतोही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

मराठी पुस्तकांच्या इतिहासात याची उदाहरणे पुष्कळ आहेत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर रघुवीर मुळगावकरांची चित्रे असत. झुंजार किंवा काळा पहाड यांच्या करामतींचे ते छोटे पुस्तक हाती घेणाऱ्याला आत काय मिळणार याविषयी शंका उरत नसे. १९४५ पासून 'दीपावली' अंक काढणारे दीनानाथ दलाल यांच्या मुखपृष्ठांनी तर मध्यमवर्गीय घरांतील टेबलांना शोभा आणली. पुढे अशा चित्रांना 'कॅलेंडरी' म्हणून नाक मुरडण्याची पद्धत रूढ झाली. मला ती कधीच पटली नाही. ही चित्रे नव्या वाचकालाही ओळखीच्या भाषेत बोलावत होती, हे नाक मुरडणारे विसरतात.

त्याच सुमारास 'गंभीर' साहित्याची मुखपृष्ठे वेगळी बोलू लागली. भरपूर मोकळी जागा, एखादा ब्रशचा फटकारा, तुटक रेषा, लहान अक्षरांत लेखकाचे नाव. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचे नाते निसर्गाने ठरवलेले नसते, ते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन तुम्ही भाषाविज्ञानाच्या घटकात वाचले असेल. येथे तेच दिसते. तुटक रेषेत मुळात गांभीर्य नाही. एका वर्गाने तसा संकेत शिकून घेतला आहे. ज्याच्या घरी अशी पुस्तके कधी आली नाहीत, त्याला तो संकेत ठाऊक नसतो. त्या शांत मुखपृष्ठावरून त्याची नजर घसरते आणि नंतर आपण म्हणतो की त्याला गंभीर वाचनाची आवड नाही.

अक्षरांविषयी थोडक्यात सांगते. बोलण्यात जसा स्वर, तसे मुखपृष्ठावर अक्षरांचे वळण. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके आठवून पाहा. नाटकाचा पिंड शीर्षकाच्या अक्षरांतच उतरलेला असे. आता संगणकावरील मोजक्या टंकांत कविता, पाककृती आणि स्पर्धापरीक्षा सारे एकाच सुरात बोलते. त्यातच पुस्तक मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे दिसू लागल्यापासून अक्षरे ओरडू लागली आहेत.

मुखपृष्ठ नेमके काय करते, हे ते नसते तेथे अधिक स्पष्ट कळते. माझे वाचन एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात सुरू झाले. तेथे नवे पुस्तक थोडे खिळखिळे झाले की बांधणीला जाई. परत येताना त्याचे मुखपृष्ठ गेलेले असे. जाड पुठ्ठा, कण्याला कापडी पट्टी आणि तिच्यावर दाखलअंक. कादंबरी, चरित्र, पाकशास्त्र, सगळी एकाच गणवेशात. देवघेवीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बायका मग पुस्तक कसे निवडत? त्या मागच्या चिठ्ठीवरील तारखा पाहत. तारखा जवळजवळ असल्या की पुस्तक हातोहात फिरते आहे, हे कळे. पानांचे कोपरे मळले आहेत का ते पाहत. शेवटच्या पानावर कोणी पेन्सिलीने 'फार रडू येते' असे लिहून ठेवलेले असे. ती शिफारस कोणत्याही मलपृष्ठावरील मजकुरापेक्षा प्रभावी ठरे. आणि सर्वांत अधिक म्हणजे त्या एकमेकींना विचारत. 'हे आपल्यासाठी नाही' असे सांगणारे चित्रच नसल्यामुळे रहस्यकथा वाचणारी एखादी बाई पुढच्या आठवड्यात वेगळ्याच वळणाची कादंबरी घरी नेई, आणि आवडली तर त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक मागे. अर्थात त्या कपाटांकडे मुले फिरकत नसत, आणि न वाचताच परत येणाऱ्या पुस्तकांची संख्याही कमी नसावी. तेव्हा मुखपृष्ठे फाडून टाकावीत असे मी सुचवीत नाही.

एका पुस्तकाबाबत मात्र तसे सुचवावेसे वाटते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरुजींचे निधन १९५० मधले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा आपल्या कायद्यातील स्वामित्वहक्काचा कालावधी २०१० अखेर संपला आणि हे पुस्तक कोणालाही छापता येऊ लागले. आज ते अनेक प्रकाशकांकडून मिळते. शब्द तेच, मुखपृष्ठे निरनिराळी. आपल्या विषयासाठी याहून सोयीचे उदाहरण सापडणार नाही.

यांतील पुष्कळ मुखपृष्ठांवर गोजिरवाणा मुलगा आणि त्याला जवळ घेणारी आई असते. परिणामी हे पुस्तक शाळेत बक्षीस म्हणून मिळते, आठव्या-नवव्या वर्षी वाचले जाते आणि नंतर कपाटात जाते. आता संहिता पाहा. आश्रमात रात्री जमलेल्या सोबत्यांना एक प्रौढ माणूस बेचाळीस रात्रींमधून आपल्या दिवंगत आईविषयी सांगतो आहे. त्यात वाढत जाणारे कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, खालावत गेलेल्या घराची लाज आहे, आजारपण आहे. श्रोते मोठी माणसे आहेत. मुखपृष्ठावरील मुलाने या प्रौढ निवेदकाला झाकून टाकले आणि पुस्तकाच्या संबोधनाचे वयच बदलले. कर्ज म्हणजे काय हे ज्याला कळते, त्या वयाचा वाचक या पुस्तकाला त्यामुळे मुकतो.

संपर्कसत्रात मी या पुस्तकाच्या चार वेगवेगळ्या प्रती टेबलावर मांडते. एकीवर आई-मुलाचे रंगीत चित्र, दुसरीवर गुरुजींचे छायाचित्र, तिसरीवर तुळशीवृंदावन, चौथीवर विटकरी पार्श्वभूमीवर केवळ अक्षरे. यांपैकी एक घरी न्यायची असेल तर कोणती न्याल, एवढेच मी विचारते. मागे एका सत्रात एसटीत वाहक असलेल्या विद्यार्थिनीने दोन प्रती उचलल्या. रंगीत प्रत मुलीसाठी आणि विटकरी स्वतःसाठी, असे तिने सांगितले. दोन्हींत एकच मजकूर आहे, हे मी तिला सांगितले, तरी तिने एकही परत ठेवली नाही. पुढच्या सत्राला ती आली तेव्हा विटकरी प्रतीत तिकिटाचा तुकडा खूण म्हणून घातलेला होता. सावकाराचा माणूस दारात येतो त्या पानावर. "बाई, शाळेत हे वाचलं होतं," ती म्हणाली, "पण हे त्यात होतं का?"