चेहरा ज्याचा त्याचा

पुण्यात लग्नसराई सुरू झाली की रिटचिंगच्या टेबलावर तीन मागण्या ठरलेल्या: पिंपल काढा, चेहरा स्मूथ करा आणि जरा उजळ करा. पहिली मी आनंदाने मानतो, दुसरी अर्धी मानतो, तिसरी मानत नाही.

पिंपल काही दिवसांत जाणारच असतो. नेमका साखरपुड्याला उगवला म्हणून अल्बममध्ये तो जन्मभर का राहावा? हनुवटीवरचा तीळ, लहानपणी पडल्याची खूण, आजीच्या सुरकुत्या मात्र त्या त्या माणसाच्या मालकीच्या. विचारल्याशिवाय मी त्यांना हात लावत नाही.

ही कला संगणकाच्या कितीतरी आधीची. निगेटिव्हच्या काळात स्टुडिओत टोकदार पेन्सिल घेऊन रिटचर बसत. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक उमटतो. तिथे शिसाचे बारीक ठिपके भरले की प्रिंटवर तो फिका होतो. 2002 मध्ये फोटोशॉप 7 बरोबर हीलिंग ब्रश आला. तो शेजारच्या त्वचेचा पोत उचलतो आणि डागाभोवतीचा रंग-उजेड सांभाळून बसवतो. तासांचं काम मिनिटांवर आलं, तसं कुठे थांबायचं हे ठरवणं जास्त महत्त्वाचं झालं.

स्मूथ करताना सरसकट ब्लर मारला की रंध्रं आणि लव पुसली जातात, चेहरा मेणाचा दिसतो. म्हणून मी फ्रीक्वेन्सी सेपरेशन करतो: एका लेअरवर पोत, दुसऱ्यावर रंग आणि छाया. जागरणाने डोळ्यांखाली आलेली काळी छाया रंगाच्या लेअरवर हलकी करायची. पोत जिथल्या तिथे राहतो. शेवटी लेअरची ओपॅसिटी थोडी उतरवायची आणि फोटो प्रिंटच्या आकारात पाहायचा.

राहिला रंग. मांडवाच्या लाल कापडाची झाक, स्टेजवरच्या एलईडीचा जांभळा उजेड काढणं माझं कामच आहे, कारण ते रंग त्वचेचे नाहीत. सावळेपणा त्वचेचाच आहे. चेहरा उजळला की मान आणि मेंदीचे हात लगेच चुगली करतात. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं. आपल्या घरांतून अजून गेलेलं नाही.

स्थळासाठी मुलीचा फोटो करून घेणाऱ्या आईवडिलांना माझी विनंती आहे: ‘उजळ करा’ म्हणण्याआधी तिला विचारा, तिला कसं दिसायचं आहे.