खिडकीबाहेर

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी मी मांडव्याला गेलो, तो केवळ काहीही न करण्यासाठी. बरोबर ना वही, ना तपासायचे पेपर. पूर्वी पावसाळ्यात लाँच बंद झाल्या की मुंबईकराची मांडव्याची पाण्यावरची वाट बंद होई. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुटते आणि पावसातही तासाभरात पलीकडे उतरवते.

एका स्नेह्याची तिथे माडांची वाडी आहे. वाडीच्या कडेला जुनी विहीर, विहिरीवर वाकलेली एक बाभूळ, आणि बाभळीला लोंबणारी सुगरणीची पंधरा-वीस घरटी. मी पडवीत आरामखुर्ची ओढली आणि पाहत बसलो.

थोड्या वेळाने वाडी राखणाऱ्या काकू चहा घेऊन आल्या.

"मास्तर, बरं वाटत नाही काय?"

माझे स्वस्थ बसणे त्यांना आजारपणच वाटले!

"पाखरं बघतोय, काकू."

"ती काय, रोजचीच," म्हणत त्या आत गेल्या.

रोजचीच खरी, पण मी ती इतक्या वर्षांत नीट पाहिली नव्हती. वर्गात ज्या सुगरणीचे कौतुक शिकवत आलो, ती घर बांधतच नाही. बांधतो तो नर! डोक्यावर पिवळी टोपी घातलेला हा गडी भातखाचरात उतरे, पात्याला चोचीने खाच पाडे आणि टोक धरून उडे, की लांब चिंधी निघे. घरटे अर्धे विणून झाले की पंख फडफडवून तो मादीला बोलावी. बाईसाहेब येत, आत शिरत, इकडेतिकडे ओढून पाहत आणि नापसंत पडले की भुर्रकन निघून जात. पसंती मिळाल्यावरच खालची लांब नळी विणायची. पुढे मादी अंडी उबवू लागली की हे महाशय दुसरीसाठी दुसरे घर बांधायला मोकळे!

ही शेवटची गंमत एका दिवसात दिसणारी नव्हे. ती उलगडली सालिम अलींनी, इथून जवळच्याच किहीमला, १९३० साली. बर्लिनला पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच उरली नव्हती. तेहतीस वर्षांचा, नोकरी नसलेला माणूस दिवसच्या दिवस पाखरांकडे बघत बसलेला! कुणीतरी त्यांनाही रिकामटेकडे म्हटलेच असेल.

आणि मला एकदम तो मुलगा आठवला. काही वर्षांपूर्वी मी व्याकरण शिकवत असता तो खिडकीबाहेर बघत होता. "बाहेर काय ठेवलंय रे?" मी ओरडलो. तो हळूच म्हणाला, "सर, दयाळ भिंतीच्या भोकात काड्या नेतोय." वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला तासभर उभे केले. त्यानंतर त्याने कधी खिडकीबाहेर पाहिले नाही. मी ते माझे यश समजलो होतो.

काकूंनी दिलेला चहा गार झाला होता. बाभळीवर नराने पुन्हा नवी चिंधी आणली होती. मला तिकडे बघवेना.

सोमवारी वर्गात खिडकीजवळची एक मुलगी बाहेर बघत होती. मी खडू खाली ठेवला. ती दचकून उभी राहिली.

"बस. काय दिसतंय गं?" मी विचारले, आणि उत्तर ऐकायला खिडकीपाशी गेलो.