धानाचा पैसा आणि परदेशाचे दार

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते आणि काही वेळाने डोंगरगडच्या टेकडीवरील बमलेश्वरीचे देऊळ दिसू लागते. येथून पुढे आपण छत्तीसगडात आलो असे खुशाल समजावे. राजनांदगाव, दुर्ग, भिलाईचा पोलाद कारखाना अशी एकेक स्थळे मागे पडतात आणि सुमारे पाच तासांत रायपूर येते. २०२५ च्या एप्रिल महिन्यात मी या मार्गाने गेले तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंची शेते उघडी पडली होती. बांधाबांधांवर मोहाची झाडे तेवढी उभी होती. या प्रदेशाला 'धान का कटोरा', म्हणजे भाताचा वाडगा, असे म्हणतात. कोरडवाहू जमिनीचे वर्षाचे देणे हिवाळ्यात एकदाच घरात येते आणि मग ती पावसाची वाट पाहत स्वस्थ पडून राहते. पुढे जी हकीकत सांगावयाची आहे, तिचे मूळ या रिकाम्या शेतांतच आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून येथला कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी इकडे आलेली मराठी कुटुंबे इकडचीच होऊन राहिली. ज्यांची मातृभाषा मराठी होती, त्या माधवराव सप्रे यांनीच १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, असा तिन्ही भाषांचा संसार येथली कुटुंबे आजही सुखाने करीत आहेत.

माझी मावशी अशाच एका घरात पडलेली. काका शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी नव्या रायपुरात गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत लहानसे घर घेतले. हे नवे शहर जुन्या रायपूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य जन्मास आले आणि राजधानीसाठी शेतांच्या व खेड्यांच्या मुलखात हे नगर आखले गेले. २०१२ साली मंत्रालय येथे आले. त्याच्या इमारतीस 'महानदी भवन' आणि संचालनालयांच्या इमारतीस 'इंद्रावती भवन' अशी नद्यांची नावे दिलेली आहेत. २०१८ पासून शहराच्या नावाला 'अटल नगर' हे पद जोडले गेले. मी गेले तेव्हा नव्या विधानभवनाचे काम चालू होते; राज्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याचे उद्घाटन झाले. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या पदपथावरील माणूस ओळखू येऊ नये. मधूनच एखादे जुने तळे आणि त्याच्या काठी जुने गाव दिसते, तेव्हा आपण शेतांवरून चाललो आहोत याची आठवण होते.

मावशीच्या घरी पोचले तो बैठकीत कागदांचा ढीग पसरलेला आणि मावशीचा चेहरा उतरलेला. तिची मुलगी युरोपात असते. मे महिन्याच्या अखेरीस तिचे पहिले बाळंतपण होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत; परंतु लेकीला येणे शक्य नव्हते, म्हणून माहेरच तिच्याकडे जाणार होते. मार्चमध्ये दोघांनी मुंबईला जाऊन अर्ज दिला, बोटांचे ठसे दिले आणि महिना संपण्याच्या आत नकार आला. छापील कारणांच्या यादीत दोन ठिकाणी खुणा होत्या : निर्वाहाची पुरेशी साधने सिद्ध झाली नाहीत, आणि मुदतीनंतर परत जाण्याचा हेतू निश्चित होत नाही.

"अगं, आमच्याजवळ पैसे नाहीत असं का वाटलं त्यांना?" मावशी म्हणाली. "खात्यावर साडेसहा लाख दाखवले होते की!"

मी खात्याचा उतारा हाती घेतला आणि अडचण कोठे आहे ते ध्यानात आले. ते काकांचे निवृत्तिवेतनाचे खाते होते. महिन्याला ठराविक रक्कम येई आणि घरखर्चाला निघून जाई. शिल्लक कधी साठ हजार, कधी सत्तर हजार. आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, अर्जाच्या दोनच आठवडे आधी, एकदम ५,८५,९०० रुपये जमा! हे पैसे कोठून आले, याविषयी अर्जात एक अक्षरही नव्हते.

वाचकांना ठाऊकच असेल की पुष्कळ लोक अर्जाच्या तोंडावर भावाकडून, मित्राकडून रक्कम उसनी घेऊन खात्यात भरतात आणि व्हिसा मिळाला की परत करतात. गावोगावचे सल्लागारही असा उपदेश करताना आढळतात. परंतु रोज शेकडो उतारे चाळणाऱ्या अधिकाऱ्याला ही युक्ती नवी नसते. काकांचा पैसा घामाचा होता, पण कागदावर तो हुबेहूब उसन्या पैशासारखा दिसत होता.

येथे या नियमांची थोडी ओळख करून देणे उचित होईल. युरोपातील २९ देशांचा शेंगेन हा संघ अल्पमुदतीच्या मुक्कामासाठी एकच व्हिसा देतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस त्यावर राहता येते. २००९ साली संमत झालेल्या व्हिसा संहितेनुसार निर्वाहसाधनांचा विचार मुक्कामाचे दिवस, प्रवासाचे कारण आणि तेथील साध्या निवासाचा व जेवणाचा खर्च लक्षात घेऊन करावयाचा असतो. प्रत्येक देश आपला आधारभूत आकडा ठरवितो. उदाहरणार्थ, फ्रान्समध्ये राहण्याची सोय सिद्ध केलेली नसेल तर माणशी दर दिवसाला १२० युरो, हॉटेल आधी ठरविले असेल तर ६५ युरो आणि यजमानाने तेथील नगरपालिकेतून निवासपत्र काढून दिले असेल तर ३२.५० युरो धरले जातात. दोघांच्या साठ दिवसांच्या मुक्कामाचा हिशेब केला तर पहिल्या दराने १४,४०० युरो होतात आणि शेवटच्या दराने ३,९००. म्हणजे लेकीच्या घरचा एक कागद हा भार जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आणतो. ही गोष्ट कितीतरी आईवडिलांना माहीत नसते.

इतर देशांची रीत निराळी आहे. ब्रिटन पर्यटकासाठी ठराविक आकडा सांगत नाही. काम न करता आणि सरकारी मदत न घेता सर्व वाजवी खर्च भागला पाहिजे, एवढेच नियम म्हणतो. पैसे २८ दिवस खात्यात असले पाहिजेत असे जे सर्रास ऐकू येते, ते विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी आहे. अमेरिकेतही ठराविक रक्कम नाही. तेथे अर्जदार कायमचा राहावयास येत आहे असे कायद्यानेच गृहीत धरलेले असते, आणि तसे नाही हे त्याने पटवून द्यावयाचे असते. सर्वत्र प्रश्न मात्र दोनच : हा पैसा खरोखर तुमचा आहे काय? आणि तुम्ही परत जाल काय?

पूर्वीची पिढी वेगळ्याच चिंतेत होती. त्या काळी परकीय चलनाची एवढी टंचाई होती की परदेशी जाणाऱ्याने देशाबाहेर फारसा पैसा नेऊ नये यावर सरकारचा कटाक्ष असे. पारपत्र मिळणे हीसुद्धा कृपेची बाब होती. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. २००४ पासून रिझर्व्ह बँकेच्या योजनेने नागरिकांना ठराविक मर्यादेत पैसे बाहेर नेण्याची मुभा दिली. ती मर्यादा आता वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आपल्या बाजूचे दार असे उघडले आहे. आता पुरावा मागतात ते पलीकडच्या दाराशी.

असो. त्या रात्री आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. आरंगच्या बाजूला काकांची नऊ एकर धानाची शेती आहे. छत्तीसगडात सहकारी समिती दर एकरी २१ क्विंटलपर्यंत धान खरेदी करते. २०२४-२५ च्या हंगामात काकांनी १८९ क्विंटल धान घातले. केंद्राच्या २,३०० रुपये हमीभावाने ४,३४,७०० रुपये डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या सहकारी बँकेतील खात्यात आले. राज्याने भाव ३,१०० रुपये ठरविला असल्याने फरकाचे दर क्विंटलला ८०० रुपये, म्हणजे १,५१,२०० रुपये, फेब्रुवारीत एकरकमी मिळाले. काकांनी दोन्ही रकमा उचलून पेन्शनच्या खात्यात टाकल्या आणि केवळ त्याच खात्याचा उतारा अर्जाला जोडला!

"सगळं एका ठिकाणी दिसलं म्हणजे बरं, असं वाटलं मला," काका ओशाळून म्हणाले.

मी म्हटले, "काका, तुम्ही वर्गात गणिताचं नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला गुण देत होता का? रीतही मागत होताच ना?" काका हसले. त्या घरात दोन आठवड्यांनंतर प्रथमच कोणीतरी हसले असावे.

भाषांतर हाच माझा पोटापाण्याचा उद्योग असल्याने पुढचे काम माझ्याकडे आले. आपल्याकडे जसा सातबारा, तसे तिकडे 'बी-१' आणि 'खसरा' हे उतारे असतात. शिवाय शेतकऱ्याजवळ 'ऋण पुस्तिका' असते. त्यांचे इंग्रजी भाषांतर केले. समितीच्या तौलपावत्या तारखेने लावल्या. सहकारी बँकेच्या खात्याचे आणि पेन्शनच्या खात्याचे वर्षभराचे उतारे जोडले. गेल्या वर्षी त्याच महिन्यांत, तशीच, धानाची रक्कम आलेली त्यांत दिसत होती. निवृत्तिवेतनाचा आदेश, प्राप्तिकराची विवरणपत्रे, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा हे होतेच. लेकीने आपल्या घरी राहण्याची सोय आणि खर्चाची हमी यांचे कागद तिकडच्या कचेरीतून काढून पाठविले. सर्वांवर एक पानी पत्र ठेवले : पैसा कोणत्या शेतातून, कोणत्या तारखेस, किती आला, आणि पावसाळा सुरू झाल्यावर शेतीसाठी काकांना परत येणे का भाग आहे. म्हणून काकांचा मुक्काम जूनअखेरपर्यंत आणि मावशीचा साठ दिवसांचा, असे बदललेही. एक रुपयाही कोणाकडून उसना घेतला नाही.

निघण्यापूर्वी मावशीने मला 'पुरखौती मुक्तांगण' दाखविले. पुरखौती म्हणजे पूर्वजांचे ते. छत्तीसगडच्या लोकजीवनाची, नृत्यांची, आदिवासी कलांची प्रतिकृतींतून मांडणी केलेले हे विस्तीर्ण उद्यान २००६ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झाले. चालता चालता मावशी म्हणाली, "तिथं कोरं पत्र वाचावं तसं वाचलं असेल गं आम्हांला. चूक त्यांची तरी कशी म्हणू? आम्ही काही सांगितलंच नव्हतं." नकाराचा सल तिच्या मनातून उतरला होता हे मला त्या शब्दांत दिसले.

नवे शुल्क भरून, पुन्हा मुंबईची वारी करून अर्ज दिला. पहिल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही, आणि माणशी ९० युरो हा शाळामास्तराच्या घरी लहान खर्च नव्हे. मेच्या मध्यास पारपत्रे परत आली. दोहोंवर व्हिसा होता.

नातीच्या जन्मापूर्वी चार दिवस मावशी लेकीच्या दारी पोचली. बारशाच्या दिवशी दूरध्वनीवर तिचा आवाज आला तेव्हा मागे पाळण्याचे गाणे चालू होते. काका ठरल्याप्रमाणे जूनच्या अखेरीस एकटेच परतले. रायपुरात पाऊस लागला होता. दुसऱ्याच दिवशी ते आरंगच्या शेतावर गेले.