एका दमाची गोष्ट

परवा रोह्याला धाकट्या भावाकडे दोन दिवस राहून आलो. त्याची नात चौदा वर्षांची आहे, कबड्डी खेळते. तिने मोबाईलवर मला एक परदेशी खेळाडू दाखवला. टायगर वुड्स त्याचे नाव, खेळ गोल्फ. हिरव्यागार कुरणात काठीने चेंडू मारायचा, मागोमाग चालत जायचे आणि तो खळग्यात घालायचा, असा तो खेळ. मला पहिल्यांदा हसूच आले. एवढ्या गवतावर आपल्या गावची सारी गुरे पोसली असती!

पण पोर म्हणाली, "मोठे आजोबा, याचं ऐका तरी." २००८ साली अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत या माणसाच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला होता, नडगीच्या हाडाला चिरा गेल्या होत्या. तशा पायाने तो पाच दिवस खेळला, ९१ खळगे पुरे केले आणि जिंकला.

भाऊ तिथेच बसला होता. तो काही बोलला नाही, उठून पडवीत गेला. मला मात्र १९८४ साल आठवले.

आमचे गाव पेण तालुक्यातल्या खारेपाटात. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये बांध. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. अंगाने किरकोळ, पण चढाईला गेला की सापासारखा निसटायचा. पहाटे उठून तो बांधावर पळायचा. एका उघाडीपासून दुसऱ्या उघाडीपर्यंत एका दमात, "कबड्डी कबड्डी" म्हणत. दम मोडला की परत पहिल्या उघाडीपाशी यायचा आणि नव्याने सुरू करायचा. पावसात बांध निसरडा झालेला असायचा, चिखलात पडायचा, पण खाडा नाही. आई म्हणायची, पोराला झपाटलेय.

त्या वर्षी १४ ऑगस्टला खाशाबा जाधव अपघातात गेले. पेणच्या बाजारातून आणलेल्या वर्तमानपत्रात भावाने ती बातमी वाचली, कापून घेतली आणि भिंतीला लावली. तोवर मला खाशाबांचे नाव ऐकूनसुद्धा ठाऊक नव्हते. भावाला सगळे तोंडपाठ. रात्री कंदिलाशी बसून त्याने मला सांगितले.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९२६ सालचा जन्म. पाच भावांत धाकटे. सारी कुस्ती तांबड्या मातीत शिकले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट नावाची चीज पायाखाली पहिल्यांदा आली. माती पाय धरते, मॅट सोडते. नियमही निराळे. तरी सहावा नंबर आला. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर गावात मिरवला असता. या माणसाने चार वर्षे पुन्हा स्वतःला राबवले. १९५२ च्या निवडीत एका गुणाने मागे राहिले, तर गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि त्याला चीत केले.

मग आला पैशाचा प्रश्न. हेलसिंकी काही पंढरपूर नव्हे, की चार भाकऱ्या बांधल्या आणि निघाले. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. पोटच्या पोरासाठी घर गहाण टाकणारे बाप मी पाहिले आहेत. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी टाकणारा मास्तर तेवढा एकच ऐकला.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीने मात्र लांबलेल्या कुस्तीत त्यांना हरवले, आणि त्यानेच पुढे सुवर्णपदक घेतले. ती कुस्ती सुटते न सुटते तोच रशियाच्या मल्लाशी उभे राहायला सांगितले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा हरले. तरी ब्राँझ पदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. कराडपासून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कुस्त्यांचे फड लावून, जिंकून, प्राचार्यांचे घर सोडवून दिले. तसे दुसरे पदक यायला ४४ वर्षे लागली, १९९६ ला लिअँडर पेसचे.

"दादा, तू खर्डेकर हो," असे भाऊ त्या रात्री हसत म्हणाला होता. मीही हसलो.

नोव्हेंबरात त्याला निवड-चाचणीचा सांगावा आला, रोह्याला. आणि नेमकी तेव्हाच आमची झोडणी. भात खळ्यात येऊन पडलेले, आभाळ भरून आलेले, वडील अंथरुणाला खिळलेले. मी म्हणालो, "कबड्डीने पोट भरते काय? पाऊस आला तर खायचे काय?" एसटी पकडून संध्याकाळी परत आला असता, एवढेच तर काम. पण मी जाऊ दिले नाही. तो वाद न घालता खळ्यात उतरला. दिवसभर पेंढ्या आपटीत होता, एकही शब्द नाही. पाऊस त्या दिवशी आलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानंतर तो बांधावर पळायला गेला नाही. पुढे धाटावच्या एका कारखान्यात लागला, रोह्यात घर केले, संसार चांगला केला. त्या दिवसाबद्दल त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

आता त्याची नात पहाटे कुंडलिकेच्या काठाने पळते. हल्ली सामने मॅटवर होतात, मातीत वाढलेल्या पोरींचे पाय घसरतात. म्हणून ती शाळेच्या गच्चीवर पाण्याचा सडा मारून वळणे घेण्याचा सराव करते. तिच्या कपाटावर राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेचा फोटो आहे. २०२४ ला पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा तो. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाले. श्वास रोखून नेम धरतो तो. "आमच्यासारखाच दमाचा खेळ," असे पोर म्हणते.

निघताना मी वालाच्या पैशातले काही तिच्या हातात ठेवले, मॅटवरच्या बुटांसाठी. पडवीत भाऊ चपला शोधत होता. म्हणाला, "दादा, हिची निवड नोव्हेंबरात आहे, पेणला. तुझी झोडणी कधी?"

मी म्हणालो, "त्याच सुमारास."

"मग झोडणीला मी येतो," तो म्हणाला. "हिला घेऊन तू जा."