चौथ्या वर्षाचा हिशेब

दहावी-बारावीच्या निकालानंतर कॉलेज निवडताना घरोघरी चालणारी घालमेल आपल्या चांगल्या परिचयाची आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातलगांच्या घरी ही घालमेल कधी कधी अगदी वेगळ्या कारणाने सुरू होते. तेथे मुलगा किंवा मुलगी शाळेत लांब पल्ल्याची उत्तम धावपटू असेल, तर विद्यापीठेच तिच्या दारी येतात. दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून विद्यापीठांचे प्रशिक्षक तिच्याशी थेट संपर्क साधू शकतात. त्यानंतर फोन येतात, आमंत्रणे येतात, मैदाने आणि वसतिगृहे दाखवली जातात.

आपल्याकडे धावपटूची वाट सहसा कॉलेजातून जात नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा त्या रेल्वेच्या नोकरीत होत्या. बीडचे अविनाश साबळे सैन्यातून पुढे आले. रेल्वे, सैन्य, पोलीस ही आपल्या धावपटूंची विद्यापीठे. अमेरिकेत ते काम खरोखरीची विद्यापीठे करतात, आणि म्हणूनच सतराव्या वर्षी केलेली निवड तेथे शिक्षणाची, खेळाची आणि पुढची चार वर्षे शरीर कोणाच्या हाती सोपवायचे याचीही निवड ठरते.

माझा या विषयाशी संबंध आला तो अण्णांमुळे. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले माझे जुने रुग्ण. रक्तदाब तपासायला येतात आणि तपासणीपेक्षा अधिक वेळ ओहायोतील नातीविषयी बोलतात. (हे सारे मी त्यांच्या आणि नातीच्या परवानगीने लिहीत आहे.) नात बारावीत गेलेली, सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत धावणारी. तिच्यापुढे तीन विद्यापीठांचे पर्याय होते. एक डोंगराळ भागातील, फार नामांकित संघ असलेले. एक पूर्वेकडील जुने, आयव्ही लीगमधले. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, आर्थिक मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. तिसरे तिच्याच राज्यातील. अण्णांनी विचारले, "डॉक्टर, तुम्ही सांगा, कुठलं घ्यावं?"

मी साधा एमबीबीएस डॉक्टर. कोणता संघ किती वेळा जिंकला यावर माझे मत काय असणार? पण बोलता बोलता अण्णा सहज म्हणाले, की गेल्या वर्षी तिच्या नडगीच्या हाडाला भेग पडली होती, आता ती बरी आहे. मी विचारले, "पाळी नियमित येते का?" अण्णा संकोचले. त्यांनी रात्री सुनेला विचारले आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. पाळी नऊ महिने आलेली नव्हती. घरच्यांची समजूत अशी, की एवढे धावणाऱ्या मुलींचे असेच असते.

असे असते हे खरे, पण असे असायला नको. धावण्याने पाळी जाते हा अर्धाच भाग झाला. शरीर जेवढी शक्ती खर्च करते तेवढी अन्नातून परत मिळाली नाही, की मेंदू काटकसर सुरू करतो, आणि त्या काटकसरीत प्रजननाचे काम पहिल्यांदा थांबते. पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे आपली भरती गमावतात. आयुष्यभर पुरायची हाडांची पुंजी विशीच्या सुमारास बहुतांशी जमा झालेली असते. म्हणजे ज्या वर्षांत पुंजी साठायची, त्याच वर्षांत खाते रिकामे होत जाते. नडगीची भेग आणि हरवलेली पाळी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला क्रीडेतील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता असे नाव दिले. मुलग्यांनाही ती होते. त्यांच्यात टेस्टोस्टेरोन घटते, पण पाळीसारखी दिसणारी खूण नसल्याने ती फार उशिरा लक्षात येते.

येथे एक सूचना केली पाहिजे. अशा मुलीला गर्भनिरोधक गोळ्या देऊन 'पाळी आणण्याची' पद्धत दोन्ही देशांत दिसते. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळ उपासमार तशीच राहते आणि धोक्याची एकमेव खूण तेवढी झाकली जाते. उपाय अन्नाचा आहे, आणि काही काळ कमी धावण्याचा.

आता निवडीकडे येऊ. शाळेत मुली पाच किलोमीटरची क्रॉस कंट्री धावतात. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलींना सहा आणि मुलांना दहा किलोमीटर धावावे लागते. शरद ऋतूत क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बंदिस्त ट्रॅक, वसंतात उघडा ट्रॅक असे तीन हंगाम एकामागून एक येतात, आणि लांब पल्ल्याचा धावपटू तिन्हींत उतरतो. घर सुटलेले, झोप तुटलेली, अभ्यास वाढलेला. त्यातच मुलींच्या शरीरात या वयात बदल होत असतात. वजन थोडे वाढते, कंबर रुंदावते, आणि वर्ष-दोन वर्षे वेळेत सुधारणा होत नाही. मुलग्यांना वाढीचे वय रक्त आणि स्नायू देते, म्हणून त्यांचा आलेख सहसा चढत राहतो. मुलीचा आलेख थांबला की तिला वाटते आपले काही चुकले, आणि ती ताटातली पोळी कमी करते. चांगला प्रशिक्षक या वेळी थांबतो. वाईट प्रशिक्षक वजनकाटा आणतो.

मेरी केन या अत्यंत गुणी मुलीने विद्यापीठाच्या संघाऐवजी २०१३ मध्ये थेट व्यावसायिक गट निवडला होता. २०१९ मध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्सच्या चित्रफितीत जाहीरपणे सांगितले, की वजन घटवण्याच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षे गेली आणि पाच हाडे मोडली. दुसरीकडे केटलिन टुई हिचे उदाहरण आहे. शाळेत असताना नायकी क्रॉस नॅशनल्स ही स्पर्धा सलग तीनदा जिंकलेली ही मुलगी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात गेली. २०२१ च्या विद्यापीठीय क्रॉस कंट्री स्पर्धेत ती पहिल्या दहांतही नव्हती. २०२२ मध्ये ती पहिली आली. मधल्या काळात तिला थांबायला जागा मिळाली असावी, असे मला वाटते. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे मला कळते, पण पालकांनी दोन्ही डोळ्यांपुढे ठेवावीत.

मी अण्णांना एक काम सांगितले. विद्यापीठीय स्पर्धांचे निकाल सार्वजनिक असतात. प्रत्येक संघात चार वर्षांपूर्वी दाखल झालेल्या मुलींची नावे काढा आणि त्यांतल्या किती जणी आज चौथ्या वर्षी धावत आहेत ते पाहा. बँकेतल्या माणसाला याहून सुखाचे काम कोणते? चार दिवसांत अण्णांनी फूलस्केप कागदावर रेघा मारून तक्ता केला. नामांकित संघात तेव्हा आलेल्या मुलींपैकी निम्म्याहून कमी नावे उरली होती. त्यांच्या राज्यातल्या विद्यापीठात एक सोडून सगळ्या होत्या, जरी त्यांतली एकही राष्ट्रीय विजेती नव्हती. यावरून निकाल देऊ नये. कोणी दुसऱ्या विद्यापीठात जाते, कोणाला अभ्यास महत्त्वाचा वाटतो. पण गळालेली नावे हा प्रश्न विचारण्याचा आधार होतो: या मुलींचे काय झाले?

नातीने मग तो प्रश्न विचारला. शिवाय, आईच्या सल्ल्याने, प्रशिक्षकांना आपल्या नडगीविषयी आणि पाळीविषयीही स्वतःच सांगितले. एक प्रशिक्षक हसून म्हणाले, आमच्याकडे हे बहुतेकींचे होते, काळजी करू नकोस. दुसऱ्या विद्यापीठातील प्रशिक्षक बाईंनी विचारले, कोणत्या डॉक्टरांना दाखवलेस, हाडांची घनता तपासली का? आणि पुढे म्हणाल्या, आमच्याकडे आलीस तर कदाचित पहिला हंगाम तुला धावू देणार नाही. अण्णा हे सांगताना नाराज होते. "धावूच देणार नाही म्हणतात!" मला मात्र साऱ्या चर्चेत ऐकलेले हे सर्वांत आश्वासक वाक्य वाटले.

आपल्या नात्यात असे कोणी असेल तर आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. वजन घेतात का, कोण घेतो, आणि तो आकडा प्रशिक्षकाला दिसतो का? आहारतज्ज्ञ फक्त माहितीपत्रकात आहे, की सकाळच्या सरावानंतर भेटतो? पहाटे सहाला सराव संपवून आलेल्या मुलीला भोजनगृह उघडे मिळते का? दुखापतीनंतर कधी धावायचे हे ठरवताना शेवटचा शब्द डॉक्टरांचा, की प्रशिक्षकाचा? हे प्रश्न प्रशिक्षकाला विचारावेतच, पण भेटीच्या रात्री जी मुलगी आपल्या खोलीत पाहुणीला ठेवून घेते, तिला आधी विचारावेत.

शाकाहारी घरांसाठी लोहाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नये, फेरिटिनही तपासावे. हिमोग्लोबिन ठीक असताना लोहाचा साठा रिता झालेला असू शकतो. उंचावरच्या विद्यापीठाचा विचार असेल तर हे अधिकच महत्त्वाचे. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या पुरुष संघाने २०१६ ते २०२२ या काळात सहा वेळा राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकली. ते विद्यापीठ सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत शरीर अधिक रक्त बनवू पाहते, आणि त्याला लागणारे लोह साठ्यात नसेल तर उंचीचा लाभ होत नाही, केवळ थकवा येतो. मात्र तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आणि जेवणावर लगेच चहा नको, हे तर मी साताऱ्यातही रोज सांगतो.

पैशांविषयी थोडक्यात. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर तेथील नियम बदलले. पूर्वी शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा होती. आता ही तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत ती मर्यादा संघातील खेळाडूंच्या संख्येवर आली आहे, आणि क्रॉस कंट्रीसाठी ती सतरा आहे. त्यामुळे काहींना अधिक पैसा मिळेल, पण संघात जागा कमी झाल्या. दुखापत झाली तर जागा आणि मदत टिकेल का, हे लेखी विचारावे. तोंडी "काळजी करू नका" याला किंमत नाही, हे अण्णांना सांगावे लागले नाही. हयात त्यांनी कर्जाच्या कागदांवर काढली आहे.

नातीचे म्हणाल तर तिने दोन महिने धावणे निम्म्यावर आणले, रात्री झोपण्यापूर्वी दूध आणि दुपारी डब्यात जास्तीची पोळी सुरू केली. पाळी अजून आलेली नाही, पण तिथल्या तज्ज्ञ बाई महिन्याला तपासत आहेत. निवड व्हायची आहे.

शेवटी एक कागद, ज्याचा आपल्याकडील पालकांना पत्ता नसतो. अमेरिकेत मुलगी अठरा वर्षांची झाली, की तिच्या आजाराची माहिती डॉक्टर तिच्या संमतीशिवाय आईवडिलांना सहसा देत नाहीत. वैद्यकीय माहिती कोणाला द्यावी याचा संमतीपत्राचा नमुना विद्यापीठाच्या दवाखान्यात मिळतो. ऑगस्टमध्ये सामान बांधण्यापूर्वी तिच्याशी बोलून तो भरून घ्यावा. सही करायची की नाही, आणि कोणाचे नाव लिहायचे, हे मात्र तिने ठरवायचे.